दगडाचं मूळ गाव

पुण्याला कुठल्याही लग्नात गेलं की पंगतीत शेजारी बसलेल्या आजी आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग "राहता कुठे?" "बडोद्याला" म्हटलं की मान हलवून म्हणतात, "ते झालं गं, पण मूळचे कुठले?"

बडोद्याच्या मराठी माणसाची यातून सुटका नाही. अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांच्या मागोमाग जी घराणी इकडे आली, त्यांच्याकडे सनदा असतात, वंशावळी असतात. आमच्यासारख्या कारकुनांच्या घराकडे काय असणार? आजोबा म्हणायचे वाईकडचे. आत्या म्हणायची, वाई नव्हे, फलटणच्या अलीकडचं कुठलंसं खेडं. बाबा या वादात कधी पडले नाहीत. शाळेच्या फॉर्मवर 'मूळ गाव' असा रकाना होता, तेव्हा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "दांडिया बाजार लिही." म्हणजे बडोद्यातली आमची गल्ली. लिहिलं.

सयाजीराव महाराजांचं तसं नव्हतं. १८७५ साली ते दत्तक आले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे हे गाव त्यांच्या नावाला जे चिकटलं ते आजतागायत. राजाला गाव असतं आणि कारकुनाला गल्ली, एवढाच काय तो फरक.

गेली तेवीस वर्षं हा पंगतीतला प्रश्न मी दगडांना विचारते आहे. म्हणजे मी दगड गोळा करते. आज घरात २१७ आहेत. सगळ्यांत मोठा लिंबाएवढा, बाकीचे सुपारीच्या मापाचे. एका इंचाच्या चौकोनी डबीत मावेल एवढ्या नमुन्याला या छंदातली माणसं 'थंबनेल' म्हणतात, अंगठ्याच्या नखावरून. मला मोठे दगड आवडत नाहीत असं नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बँकेचं पेन्शन यांनी माझी आवड एका इंचावर आणून बसवली. समोरच्या फ्लॅटमधल्या बेन दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येतात, कपाटाकडे बघतात आणि काळजीनं विचारतात, "बेन, आ पथराओनुं शुं करशो?" माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही.

*

पहिला दगड १९७४ सालचा. मी नऊ वर्षांची होते आणि बाबांनी आम्हाला अजिंठा दाखवायला नेलं होतं. लेण्यांतलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. अंधार होता आणि पाय दुखत होते. खाली उतरल्यावर मात्र एक माणूस पुढे आला, त्याने वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि आतून दगडाचे दोन तुकडे काढले. बाहेरून जुना बटाटा, आतून खडीसाखर. बाबांना म्हणाला, वीस रुपये. बाबा चालू लागले. तो मागे मागे आला, पंधरा, दहा, सात. एसटीच्या पायरीवर चार रुपयांना सौदा तुटला. जळगावच्या फलाटावर, कोणी बघत नाहीसं पाहून, मी तो चाटला. गोड नव्हता.

तो दगड कुठला, हे त्या माणसाला विचारावं असं बाबांच्या किंवा माझ्या मनात आलंही नाही. अजिंठ्याला मिळाला म्हणजे अजिंठ्याचा. आता कळतं की तिथे विकायला येणारे दगड कुठकुठल्या खाणींतून आणि विहिरींतून आलेले असतात. त्याच्या डबीतल्या चिठ्ठीवर मी 'अजिंठा' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातलं आहे.

*

आमच्या गावाला दगडच नाही, हे मला फार उशिरा उमगलं. बडोदं गाळाच्या मैदानावर बसलेलं आहे. खणा, माती लागेल. आणखी खणा, आणखी माती. नदीकाठी गोटे वेचावेत तर विश्वामित्रीत मगरी. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी, हे बाहेरच्यांना सांगितलं की थट्टा वाटते, पण पावसाळ्यात त्या सोसायट्यांच्या आवारापर्यंत येतात. छंदासाठी मी बरंच काही केलं आहे, विश्वामित्रीत उतरले नाही.

मग दगड बघायचे कुठे? कमाटीबागेतल्या संग्रहालयात. तिथे गर्दी असते ती देवमाशाच्या सांगाड्याजवळ आणि ममीजवळ. खनिजांच्या कपाटांपाशी पंख्याखाली डुलक्या घेणारा रखवालदार आणि मी. नंतर एकदा चंपानेरला गेलो तेव्हा पावागड वेगळ्या नजरेनं पाहिला. सपाटीतून एकदम उठलेला, अंगाने काळा बेसाल्ट आणि माथ्यावर रायोलाइट हा फिक्या रंगाचा, जास्त सिलिका असलेला लाव्हाचाच दगड. कालिकामातेला जाणारी सगळी गर्दी त्या दोन दगडांमधली सीमा ओलांडून वर जाते. रोपवेत बसलेल्यांना तर ती दिसायचीही नाही.

पण खरं म्हणजे दगडांचा एक संग्रह आमच्या घरात आधीपासूनच होता, आणि तोही गावांच्या नावांसकट. देवघरातलं पंचायतन. बाण नर्मदेचा. शाळिग्राम गंडकीचा. गणपती म्हणून तांबडा शोणभद्र, तो शोण नदीतला. देवी म्हणून सुवर्णमुखी, आंध्रातल्या त्याच नावाच्या नदीतली. आणि सूर्य म्हणून स्फटिक, तो तामिळनाडूतल्या वल्लमचा. ज्या कोणी हे ठरवलं, त्याला माझा नमस्कार. पाच खनिजं, पाच ठिकाणं, आणि ठिकाण चुकलं तर देव चालत नाही! नुसता तांबडा गोटा गणपती होत नाही. शोणेतूनच यावा लागतो.

मी भिंग घेऊन आमचं पंचायतन तपासलं तेव्हा आई देवघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. शाळिग्रामातली चक्राची रेघ म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जिवाच्या कवचाचा उरलेला ठसा. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्या काळातला. सुवर्णमुखीवर दहापटीच्या भिंगाखाली पिवळे चौकोनी ठिपके दिसले, पायराइट असावं. आयुर्वेदवाले ज्याला माक्षिक म्हणतात त्याच घरातलं. स्फटिक मात्र काच निघाली. आत दोन गोल बुडबुडे होते. खऱ्या स्फटिकात असे गोल गरगरीत बुडबुडे नसतात, आणि तो ओठाला लावला तर काचेपेक्षा गार लागतो. आईला सांगितलं. ती म्हणाली, "साठ वर्षं पूजा झाली आहे त्याची. आता झाला असेल खरा."

*

या छंदात बडोद्याच्या माणसानं पाहायचं ते दक्षिणेकडे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. एकदा नव्हे, थरावर थर. आज उरलेला भाग धरला तरी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. लाव्हा निवताना त्यातला वायू बाहेर पडू पाहतो आणि अडकतो. ढोकळ्याला जशी जाळी पडते, तशी खडकाला पडते. मग पुढे फार काळ, फार सावकाश, गरम पाणी त्या खडकातून झिरपत राहतं. खडकातलंच थोडं कॅल्शियम, थोडं सोडियम, थोडं सिलिका सोबत घेतं आणि जाळीच्या एकेका भोकात आणून ठेवतं. आत जागा आहे, घाई नाही, कोणी धक्का देत नाही. अशा ठिकाणी स्फटिक वाढतात.

त्यांतल्या मोठ्या घराण्याचं नाव झिओलाइट. १७५६ साली क्रोन्स्टेड नावाच्या स्वीडिश माणसानं असा एक दगड आगीत धरला, तर तो फसफसून फुगला आणि त्यातून वाफ निघाली. ग्रीकमध्ये 'झिओ' म्हणजे उकळणं, 'लिथॉस' म्हणजे दगड. उकळणारा दगड. या दगडांच्या रचनेतच बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी बसलेलं असतं. हाच झिओलाइट कारखान्यात बनवून कपड्यांच्या पावडरीत घालतात, पाण्याचा जडपणा काढायला. हे कळलं त्या दिवशी मी कपाट आणि वॉशिंग मशीन यांच्यामध्ये उभी राहून उगीच हसले.

नावांचा मला नाद आहे. अ‍ॅपोफिलाइट हा झिओलाइट नव्हे, पण त्याच बिळात राहणारा. त्याच्या सपाट टोकाकडून पाहिलं तर आत मोत्यासारखी झाक दिसते. जुने युरोपी लोक त्याला माशाच्या डोळ्याचा दगड म्हणत. आमच्याकडे मंगळवारी बाजारात पापलेट घेणाऱ्यांनी तो पाहिला असता तर हेच नाव ठेवलं असतं. ह्यूलंडाइटला नाव मिळालं ते हेन्री ह्यूलंड या दगडांच्या व्यापाऱ्याचं. म्हणजे दुकानदाराचं नाव मालाला. कॅश काउंटरवर मी ३१ वर्षं काढली, पण एखाद्या नोटेला माझं नाव द्यावं असं कोणाला वाटलं नाही. आणि मेसोलाइटच्या पुण्याच्या नमुन्यांना एके काळी पूनालाइट असं स्वतंत्र नाव होतं. पुढे तो मेसोलाइटच आहे हे ठरलं आणि नाव रद्द झालं. पुणेकरांना हे सांगून बघा.

*

खरेदी सुरू झाली २००२ साली, पुण्यातल्या एका प्रदर्शनात. तोवर माझ्याकडे चहाच्या डब्यात आठ-दहा दगड होते, सगळे बेवारशी. एका टेबलामागे पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ बसले होते. मी फिकट पिवळ्या स्टिल्बाइटचा एक गुच्छ उचलला. स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध आवळलेल्या गवताच्या पेंढीसारखे दिसतात. किंमत दीडशे. घासाघीस केली, सवाशेला दिला. मी पिशवीत टाकला आणि डबीतली कागदाची चिठ्ठी टेबलावरच सोडून निघाले.

"ताई, चिठ्ठी राहिली." मी म्हटलं, असू दे. त्यांनी मला परत बोलावलं, दगड हातातून घेतला, चिठ्ठी त्याच्याखाली ठेवली आणि म्हणाले, "सवाशे रुपये हिचे दिलेत तुम्ही. चिठ्ठी गेली की हा दगड खडीच्या भावानं जातो."

मला राग आला होता. आता वाटतं, या छंदाबद्दल एवढं खरं मला पुन्हा कोणी सांगितलं नाही. चिठ्ठीवर असतं काय? खनिजाचं नाव, खाण, गाव, तालुका, जिल्हा, मिळालं ते साल, कोणाकडून घेतलं ते. खनिजाचं नाव चुकलं तर दुरुस्त करता येतं. कठीणपणा बघा (नखाने ओरखडा जातो का, चाकूने जातो का, १८१२ साली मोहस यांनी लावलेली पट्टी अजून तशीच चालते), आम्लाचा थेंब टाका, फारच झालं तर प्रयोगशाळा आहे. गाव मात्र दगडात लिहिलेलं नसतं. मुरलेला माणूस नुसतं पाहून 'जळगावकडचा वाटतो' म्हणेल, जसं पंगतीतल्या आजी आडनावावरून 'देशावरचे का?' म्हणतात. तेवढंच. एकदा चिठ्ठी गेली की गेली. म्हणून जुनी चिठ्ठी कोणी टाकत नाही. नवा मालक आपली चिठ्ठी तिच्यासोबत ठेवतो. माझ्याकडच्या एका डबीत चार चिठ्ठ्या आहेत, चार हस्ताक्षरांत. सातबारा उतारा वाचावा तशी ती डबी वाचता येते.

आणि सातबाऱ्यासारखंच, जिथे कागदाला किंमत तिथे कागदात खोट आलीच.

राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचा हिरवा अ‍ॅपोफिलाइट फार नावाजलेला. हिरवा कसला, कैरीच्या सालीचा आतला रंग. तसा एक बारका पीस मी एका विक्रेत्याकडून टपालाने मागवला. चिठ्ठीवर राहुरी होतं, पण अक्षराखालचा कागद जरा जास्तच पांढरा होता. खिडकीशी धरला. व्हाइटनरखाली दुसऱ्याच गावाचं नाव. मराठीत 'हरताळ फासणे' म्हणतो ना आपण, ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. हरताळ हेही खनिजच. आर्सेनिक आणि गंधक यांचं, पिवळंजर्द. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देऊन ते झाकत. जुन्या पोथ्यांत अजून ते पिवळे डाग दिसतात. तिथे चूक झाकायला वापरायचे, इथे खरं झाकायला वापरलं. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, दगड तर हिरवाच आहे ना? बरोबर होतं त्याचं. दगड हिरवाच आहे. मी परत केला नाही, पण त्याची डबी वेगळ्या खणात ठेवली.

दुसऱ्यांदा फसले ती निळ्या रंगापायी. कॅव्हान्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून केलेलं सरकारी योजनेसारखं नाव, पण रंग असा की पहिल्यांदा पाहून मला वाटलं कोणी पेनातली शाई सांडली. पहिल्यांदा सापडला अमेरिकेत, ओरेगनमध्ये, आणि जगात सगळ्यांत देखणा मिळाला तो पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळी फुलं. नेटवरून एक मागवला, माझ्या हिशेबाने फार पैसे दिले. आला तेव्हा कौतुकाने दोन दिवस टेबलावरच ठेवला. तिसऱ्या रात्री लाइट गेले आणि मी सहज नोटा तपासायचा छोटा अतिनील टॉर्च त्यावर मारला. बँकेतली सवय, निवृत्तीनंतरही पर्समध्ये असतो. निळ्या फुलाभोवती पांढुरकं-निळसर कडं चमकलं. गोंद! एका दगडाचं फूल दुसऱ्या दगडावर बसवलेलं. ३१ वर्षं खोट्या नोटा बोटांनी ओळखल्या, आणि इथे फोटोवरून पैसे पाठवले. तक्रार केली तर उत्तर आलं, "मॅडम, दोनो नॅचरल है." दोन्ही नैसर्गिकच होते, खोटं तो बोलत नव्हता.

वाघोलीला त्यानंतर एकदा जाऊन आले. भाच्याच्या मोटारसायकलवर. पुणं तिथवर कधीच येऊन ठेपलंय. इमारती, मॉल, शाळांच्या पिवळ्या बस. ज्या गावाचं नाव जगभरच्या काचेच्या कपाटांतल्या चिठ्ठ्यांवर आहे, तिथे मी एका पानवाल्याला निळ्या दगडाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "टाइल्सचं दुकान पुढच्या चौकात."

*

ओकेनाइटची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा दगड दगडासारखा दिसतच नाही. काळ्या खडकाच्या बिळात शेवरीच्या कापसाचा गोळा ठेवावा तसा पांढरा, केसाळ. त्याचे तंतू इतके नाजूक की बोट लागलं तर चपटे होतात आणि पुन्हा उठत नाहीत. माझ्याकडे एक होता, बोराएवढा गोळा, त्याच्या खोबणीत अगदी अखंड.

२०११च्या दिवाळीआधी मी बँकेत असताना आईने कपाट आवरलं. संध्याकाळी आले तर सगळ्या डब्या उन्हात, आणि दगड फडक्यावर ओळीने वाळत घातलेले. ओकेनाइट भिजलेल्या मांजराच्या पिल्लासारखा झाला होता. आई म्हणाली, "अगं, बुरशी आली होती त्याला. रिठ्याच्या पाण्याने घासला तेव्हा कुठे गेली."

मी काही बोलले नाही. आई गेल्याला आता सहा वर्षं झाली. तो दगड मी टाकलेला नाही. चिठ्ठीवर खनिज, गाव, जिल्हा असं सगळं आहे आणि खाली, 'आईने धुतला, ऑक्टोबर २०११.' विकायला काढला तर दहा रुपयेही येणार नाहीत. अर्थात तो विकायचा कोणाला आहे?

*

बडोद्याला दगड नाही म्हणाले, पण दीड-दोन तासांवर खंभात आहे, आणि खंभात म्हणजे अकीक. गंमत अशी की खंभातलाही दगड नाही. अकीक निघतो भरूच जिल्ह्यातल्या झगडियाजवळ, रतनपूरला. तिथल्या टेकडीवर बावा गोर यांची दरगाह आहे. अकिकाचा धंदा या आफ्रिकेहून आलेल्या पिरानेच सुरू केला अशी तिथल्या सिद्दी लोकांची श्रद्धा. दगड तिथून खंभातला जातो आणि तिथे मणी होतो. लोथलच्या उत्खननात मण्यांचा कारखाना सापडला, म्हणजे या पट्ट्यातला हा उद्योग चार हजार वर्षांपेक्षा जुना.

मी गेले ते कच्चा दगड घ्यायला. एका घराच्या ओसरीत एक कारागीर बसला होता. जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी पहार, तिच्या टोकाला डाव्या हाताने दगड टेकवायचा आणि उजव्या हातातल्या, म्हशीच्या शिंगाचं डोकं असलेल्या हातोडीने हलकेच टक्. कपची उडते. पुन्हा टक्. लोखंडाची हातोडी का नाही? शिंग मऊ असतं, दगड हवा तेवढाच तुटतो. कच्चा दगड मळकट पिवळा-राखाडी असतो. आधी उन्हात ठेवायचा, मग मातीच्या मडक्यात घालून भाजायचा, की आतल्या लोहाचं रूप बदलतं आणि रंग लाल होतो. अंगठीतला तांबडा अकीक बहुधा असा भाजून झालेला असतो.

पुढच्या खोलीत घासायची चाकं होती. दारातून पाहिलं, उजेडाच्या तिरीपेत पांढरी धूळ तरंगत होती. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस होतो. खंभातच्या अकीक कामगारांमधल्या या रोगावर किती लिहून झालंय, डॉक्टरांनी तपासण्या केल्यात. मला हे ठाऊक होतं. वाचलेलं होतं. तरी तिथे उभी राहून मी तोंडाला पदर लावला, आणि आतला मुलगा माझ्याकडे बघून हसला. त्याच्या तोंडावर रुमाल होता, नाकाच्या खाली घसरलेला.

साठ रुपयांचे दोन कच्चे दगड घेतले. त्या दिवसापासून घासलेला अकीक मी विकत घेतलेला नाही. याने त्या मुलाचं काय भलं झालं? काहीच नाही. उलट एक गिऱ्हाईक कमी झालं. पण हात जात नाही. आणि झिओलाइट घेताना जातो, हेही खरं. खडीच्या खाणीत सुरुंग लावणारा माणूस मला दिसत नाही म्हणून जातो.

छोटा उदेपूरकडच्या कडीपाणीचा फ्लुओराइट आहे माझ्याकडे, जांभळा, जांभळाच्या फोडीएवढा. आमच्या बाजूचा म्हणून जरा जास्त लाडका. फ्लुओराइटवरूनच १८५२ साली स्टोक्स यांनी 'फ्लुओरेसन्स' हा शब्द घडवला. अतिनील उजेडात काही फ्लुओराइट निळे पेटतात. मोठ्या आशेने मी बँकेचा टॉर्च मारला. सगळेच पेटत नाहीत. माझा पेटत नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावर आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत कात्री, दौत, घड्याळाचे पट्टे, आणि एका कागदात गुंडाळलेला दगड. स्टिल्बाइट! पिवळसर पेंढ्या, एका टोकाला थोडी मोडतोड. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दगडाला हात लावल्याचं मला माहीत नव्हतं. आजोबा एकदा-दोनदा पुण्याला जाऊन आले होते, येताना बोरघाट उतरले असतील. १८६३ साली तिथून रेल्वे सुरू झाली, तेव्हा घाट फोडताना निघालेले असले नमुने थेट विलायतेच्या संग्रहालयांत गेले. पुढेही कोणी फलाटावर विकत असेल. किंवा गावाकडचा असेल, वाईकडचा, नाहीतर फलटणच्या अलीकडचा. आणि कागदावर शाईने लिहिलेल्या सात-आठ ओळी होत्या. मोडीत.

मला मोडी येत नाही. ओळींकडे बघत मी रात्र काढली. गाव असणार. कागदात गुंडाळलेला दगड आणि त्यावर लिखाण म्हणजे दुसरं काय असणार?

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या काकांकडे गेले. वय शहाऐंशी, बडोदं संस्थान असताना मोडी शिकलेले. त्यांनी चष्मा बदलला, कागद गॅलरीत नेला, ओठ हलवत वाचला, पुन्हा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"वाचू?"

"वाचा ना."

"धुण्याचा सोडा. तुरटी. सैंधव, पाव शेर. खडीसाखर. मोरचूद, थोडा. हिंग. वाती."

"आणि गाव?"

"गाव कुठलं? वाण्याची यादी आहे ही."

घरी येऊन मी डबी केली. दगड मोठा असल्यामुळे ती लाकडाची करावी लागली. यादी घडी घालून तळाशी ठेवली. सोडा, तुरटी, सैंधव, खडीसाखर, मोरचूद, सातांतले पाच स्फटिकच की. मग नवी चिठ्ठी लिहायला घेतली. खनिज: स्टिल्बाइट. कोणाकडून: आजोबांच्या डब्यातून. गावापाशी पेन जरा थांबलं, आणि मी दांडिया बाजार लिहिलं.

रात्री काकांचा फोन आला. अगदी खालची ओळ पुसट होती, ती आठवून आठवून आत्ता लागली म्हणाले. 'बाकी दहा आणे.' दुकानाचं नाव काही लागत नाही.